डोंगराखालचा उन्हाळा

कुर्दी डोंगरातल्या दारबी गावात नवरा-बायकोनं घरच्यांसमोर एकमेकांशी बोलायचं नाही, अशी रीत होती. फेरमेझला चहा हवा असला तर तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "चहा झालाय का?" आणि सोसिन काही न बोलता पेला आणून समोर ठेवायची. फेरमेझची आई, म्हातारी बेस्ना, चुलीपाशी बसून हे बघत असे आणि तिला ते बरं वाटत असे. लग्नाला चार वर्षं झाली होती. एवढ्या काळात फेरमेझनं बायकोला नावानं हाक मारली असेल ती फार तर दोन-तीनदा, तीही शेतात, आसपास कुणी नसताना.

त्यांचं खरं बोलणं व्हायचं ते धारेच्या वेळी. जूनमध्ये बर्फ वितळून वाट मोकळी झाली की सगळं गाव मेंढ्या घेऊन झोझानला, म्हणजे उन्हाळी कुरणावर जायचं. कानीस्पीच्या माळावर काळे तंबू पडायचे. फेरमेझ दिवसरात्र कळपामागे वरच्या उतारांवर असे. ऊन डोक्यावर आलं की तो मेंढ्यांना हाकत खाली आणायचा. बायका ओळीनं बसलेल्या असायच्या. एकानं पुढून मेंढीचं डोकं धरायचं आणि एकीनं मागून धार काढायची. फेरमेझ डोकं धरायचा, सोसिन धार काढायची. मध्ये एक मेंढी. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज असा भरून असायचा की बोललेलं शेजारणीला ऐकू जात नसे.

"काल वर गारा पडल्या?"

"पडल्या थोड्या."

"घोंगडं भिजलं असेल."

"वाळलं."

"दगडामागे ठेवलंय. कुत्र्याला देऊ नकोस."

दगडामागे फडक्यात बांधलेलं पनीर असायचं, सकाळीच केलेलं, अजून कोमट. घरचं बाकीचं पनीर रानलसूण आणि मीठ घालून मडक्यांत भरलं जाई, मडकी जमिनीत पुरली जात आणि हिवाळ्यातच उघडत. हे मात्र बिनमिठाचं, मऊ, बोटानं दाबलं तर पाणी सुटणारं. सोसिन ते फक्त त्याच्यासाठी बाजूला काढायची. फेरमेझ ते घेऊन वर जायचा आणि एकटा बसून रोटीबरोबर खायचा. ती काय बोलली नाही ते त्याला त्या घासात कळायचं.

त्या वर्षी मात्र धारेच्या वेळचं बोलणंही आटलं.

झालं असं, की हिवाळ्याच्या शेवटी मेंढ्या गाभडायला लागल्या. रोज सकाळी वाड्यात एखादं अर्धवट वाढलेलं कोकरू पडलेलं दिसायचं. अडलेल्यांना फेरमेझच सोडवायचा. बाही वर करून, उघड्या हातानं, कोपरापर्यंत. मेलेली कोकरं बर्फात पुरायचा, कुत्री ती उकरून काढायची. थोरला भाऊ तहसीन, ज्याला घरातले धाकटे केको, म्हणजे दादा, म्हणत, तो म्हणाला, "दरवर्षी चार-दोन जातातच. यंदा जरा जास्त." आईनं दृष्ट लागू नये म्हणून वाड्याच्या दाराला निळा मणी बांधला.

त्याच महिन्यात सोसिनच्या पोटातलंही गेलं. आदल्या वर्षी एकदा गेलं होतं, हे दुसऱ्यांदा. फेरमेझ वाड्यातून आला तेव्हा घरात बायका जमलेल्या होत्या आणि दार लोटलेलं होतं. आई बाहेर येऊन म्हणाली, "गेलं. देवाची मर्जी," आणि पुन्हा आत गेली. त्याला आत जायचं होतं. बायकांमध्ये पुरुषानं कसं जायचं? तो फावडं घेऊन छपरावर चढला आणि छपरावर फारसं बर्फ नसतानाही संध्याकाळपर्यंत खरवडत बसला. त्यानंतर त्यानं तिला काही विचारलं नाही. विचारलं तर ती सगळ्यांसमोर रडेल, असं त्याला वाटत होतं. तिला काय वाटत होतं, ते त्याला फार पुढे कळलं.

जूनमध्ये गाव वर गेलं. सोसिन धार काढायची, तो डोकं धरायचा. "ठेवलंय," एवढंच ती म्हणायची.

जुलैत त्याला ताप भरला. दुपारी हुडहुडी भरायची, पहाटे घामानं सदरा चिंब व्हायचा आणि त्या घामाला ओल्या गवतासारखा वास यायचा. दोन दिवस बरे जायचे, वाटायचं गेला ताप, की पुन्हा यायचा. कंबर, गुडघे, पाठ असं दुखायचं की कुणी काठीनं बडवलंय. आईनं पाल्याचा काढा पाठवला. तो प्यायला. आणि मग एका सकाळी त्याला उठताना खाली दुखलं. हात लावून पाहिलं तर उजवी बाजू सुजलेली, तापलेली. तीन-चार दिवसांत ती हंसाच्या अंड्याएवढी झाली. पाय टाकला की कळ जांघेतून पोटापर्यंत जायची.

हे सांगायचं कुणाला? त्यानं कंबरेचं लांब उपरणं सोडलं, सलवारीच्या आतून घट्ट बांधलं आणि पाय फाकून चालायला लागला.

तहसीन वर आला होता, त्यानं ते बघितलं. "काय रे, बदकासारखा का चालतोस?"

"खेचरावरून पडलो, केको."

"कधी?"

"परवा."

"खेचर तर आठ दिवस माझ्या तंबूपाशी बांधलंय."

तहसीन त्याच्याकडे बघत राहिला, मग हसून म्हणाला, "स्वप्नातल्या खेचरावरून पडला असशील," आणि उतरून गेला.

मेंढीचं डोकं धरायला उकिडवं बसावं लागतं. ते त्याला जमेना. तो दुसऱ्या मेंढक्याबरोबर कळप खाली पाठवायला लागला आणि स्वतः वर खडकाच्या सावलीत पडून राहायला लागला. तिथून धारेची जागा दिसायची. बायका गव्हाच्या दाण्यांएवढ्या. त्यांतला पिवळा रुमाल सोसिनचा. तो रुमाल एकदाही वर वळायचा नाही. परत येताना मेंढका फडक्यात बांधलेलं पनीर आणून द्यायचा. तोंडाला चव नव्हती, तरी फेरमेझ ते सगळं खायचा. त्यातलं काही परत गेलं तर तिला काय वाटेल, हा विचार त्याला तापातही सुटत नव्हता.

शेवटी एके दिवशी तो कळपामागून येताना उतारावरच बसला आणि उठेना. तहसीननं त्याला खेचरावर घालायला पाहिलं, तर तो ओरडला. मग भावाच्या खांद्यावर भार टाकून, दर शंभर पावलांना थांबत, तो गाडीरस्त्यापर्यंत चालत गेला. जाताना तंबूच्या दाराशी सोसिन उभी होती. हातात दह्याची पिशवी होती, ती तशीच टपकत होती. सासू शेजारी उभी, दीर बरोबर.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. बाहेर रांग लागलेली. त्यानं दाबून पाहिलं, मागून विजेरी धरून पाहिलं. "पाणी नाही, गाठ आहे. वान शहरात मोठ्या इस्पितळात जा. ते काढून टाकतील. उशीर करू नका."

"काय काढून टाकतील?"

"ही बाजू."

बाहेर तहसीन उभा होता. "काय म्हणाला?"

"मूतखडा," फेरमेझ म्हणाला.

वानमध्ये त्यांची धाकटी बहीण नारिन राहायची, तिसऱ्या मजल्यावर. नवरा ट्रकवर असायचा, ती घरी शिवणकाम करायची. तहसीननं त्याला तिथं सोडलं आणि तो मेंढ्यांसाठी परत गेला. फेरमेझ इस्पितळात गेला नाही. आज जातो, उद्या जातो करत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कापलं की आपण कोण उरणार? आणि सोसिन? तिला माहेरी पाठवतील. किंवा तीच जाईल, आणि कुणी तिला बोल लावणार नाही.

नारिननं त्याची घामानं भिजलेली उशी बाल्कनीत वाळत घातली आणि आत येऊन म्हणाली, "केको, तू मला सांगू नकोस. मी विचारत नाही. पण डॉक्टरला तरी सांग. नाहीतर मी दाराला कुलूप घालून दायेला फोन करते, मग ती येऊन विचारेल."

आईचं नाव निघाल्यावर तो गेला.

इस्पितळात या दुखण्यांचे डॉक्टर इल्हामी बेय होते, पन्नाशीचे, जाड भिंगांचे. फेरमेझ आत गेला तेव्हा काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं, पण डॉक्टरांनी भलतंच विचारलं.

"काम काय करता?"

"मेंढ्या आहेत, डॉक्टर बेय."

"यंदा गाभडल्या?"

फेरमेझ चमकला. "गाभडल्या. पुष्कळ."

"कुणी सोडवल्या?"

"मीच."

मग तो बोलतच सुटला. कुठल्या मेंढीचं कसं झालं, कुठली वाचली, पाठीवर पांढरा ठिपका असलेली म्हातारी मेंढी कशी रात्रभर उभी होती. आठ-दहा दिवसांत तो कुणाशी एवढं बोलला नव्हता. डॉक्टर मान हलवत होते.

"ताजं पनीर खाता? न उकळलेल्या दुधाचं?"

"खातो. बायको बाजूला ठेवते," तो म्हणाला आणि एकदम थांबला. ही गोष्ट त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

डॉक्टरांनी तपासलं. यंत्रावर आतलं चित्र काढलं, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला समोर बसवलं.

"तुमच्याकडे पनीरचा ताप म्हणतात ना? तोच आहे. तुमच्या रक्ताचा थेंब गुलाबी औषधात टाकला, तर दूध नासल्यासारख्या कण्या झाल्या. मग मोठी तपासणी केली, तीही तेच सांगते. हा ताप कुणाची कंबर धरतो, कुणाचा गुडघा. पुरुषांत कधी कधी इथं उतरतो."

"मग कापणार?"

"चित्रात गाठीसारखं दिसतंय, म्हणून मी शपथ घेऊन सांगणार नाही. पण वाईट गाठीच्या रक्ताच्या तपासण्या असतात, त्या ठीक आल्यात. आधी औषध देऊ. सूज उतरायला लागली तर सुरीचं काम नाही. नाही उतरली तर पुन्हा बोलू."

फेरमेझनं टेबलाची कड धरली होती, ती सोडली.

औषध दीड महिना. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, आणि पहिले तीन आठवडे रोज कुल्ल्यात एक सुई. गोळीबरोबर दूध-दही नाही. उन्हात फिरायचं नाही, या गोळीनं कातडी भाजते.

"मी मेंढका आहे, डॉक्टर बेय."

"म्हणून तर सांगतोय. हा उन्हाळा खाली काढा. आणि मधेच बरं वाटलं म्हणून औषध सोडाल तर हा परत येईल." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मुलं किती?"

"नाहीत. दोनदा... राहिलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बायकोला घेऊन या. तिलाही असणार."

हे मात्र त्यानं केलं नाही. रोज सकाळी तो सुई घ्यायला जायचा, परत येऊन नारिनच्या घरी सावलीत बसायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला. सूज तशीच होती. सकाळी डोळा उघडला की पहिला हात खाली जायचा. आठवड्यानं ती जरा मऊ लागली. तो दार लावून बराच वेळ उभा राहिला, खरंच की आपल्याला वाटतंय ते ठरवत. डॉक्टरांनी मोजून बघितलं आणि म्हणाले, "उतरतेय. सुरी विसरा."

सुरीची भीती गेली आणि तिच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. नारिनची बाल्कनी सरोवराच्या बाजूला होती. डोंगर मागे. ते बघायचे तर जिन्याच्या खिडकीतून मान बाहेर काढावी लागे, आणि तिथूनही कानीस्पी दिसत नसे, फक्त ती ज्याच्या मागे आहे तो डोंगर दिसे. दुपारी ऊन डोक्यावर आलं की फेरमेझ जिन्यात जाऊन उभा राहायचा. आता मेंढ्या उतरत असतील. आता ओळ बसली असेल. डोकं कोण धरत असेल? तहसीनचा मेहुणा असेल, तो मेंढीचे कान पिळतो. नारिन सकाळी सगळ्या वानसारखी न्याहारी मांडायची, त्याच्या बाजूला मात्र पनीर ठेवायची नाही. मध, अंडी, पिठाचा मुर्तुगा. तो खायचा आणि आपल्याला काय हवंय ते त्याच्या जिभेला आणि त्याला दोघांनाही माहीत असायचं.

एकदा तो सुई घेऊन येत असताना मेंढ्यांनी भरलेला ट्रक लाल दिव्यापाशी थांबला. कत्तलखान्याकडे चालला होता. तो वास आला आणि फेरमेझ रस्ता ओलांडून ट्रकपाशी गेला. फळ्यांच्या फटीतून एक थोबाड बाहेर आलं होतं. त्यानं कानावरची खूण पाहिली, ओळखीची नव्हती. तरी त्यानं त्या मेंढीच्या कपाळावरून हात फिरवला. दिवा बदलला, मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवून शिव्या घातल्या. तो तिथंच उभा होता. त्याला मेंढ्या आठवत नव्हत्या. मेंढीच्या पलीकडे बसलेली आठवत होती.

दुपार कलल्यावर त्यानं तहसीनला फोन लावला. वर एका खडकावर चढलं तरच फोन लागायचा, आणि तहसीन रोज चौथ्या प्रहरी तिथं चढून निरोप घ्यायचा.

"केको, कसे आहात?"

"बरे आहोत. तुझा मूतखडा?"

"तो मूतखडा नव्हता, केको. पनीरचा ताप आहे. औषध चालू आहे." तो थांबला. "केको, फोन सोसिनला दे."

पलीकडे नुसता वारा. घरात आजवर असं कुणी बोललं नव्हतं. धाकट्यानं थोरल्याला सांगायचं, माझ्या बायकोला बोलाव, तेही नाव घेऊन! फेरमेझनं डोळे मिटून घेतले.

"थांब," तहसीन म्हणाला. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज लांबून आला, "हे इथं दाबून धर. मी खाली जातो." नंतर दगड घरंगळल्याचा आवाज. आणि मग धापा.

"सोसिन," तो म्हणाला.

धापा चालूच होत्या.

"ऐकतेस ना?"

"तू माझ्यावर रागावून गेलास?" ती म्हणाली.

"मी? कशासाठी?"

"माझ्यात राहत नाही म्हणून. धारेला यायचा बंद झालास. बायका म्हणाल्या, आता तो तुझं तोंड बघत नाही. दाये म्हणाली, कसला मूतखडा, रागाचं निमित्त आहे ते."

"सोसिन, मला उकिडवं बसता येत नव्हतं."

"का?"

फोनवरही ते त्याच्या तोंडून निघेना. "इथं ये," तो म्हणाला. "डॉक्टरांनी तुला बोलावलंय. इथं आल्यावर सांगतो."

"मी कशी येऊ? दायेला काय सांगू?"

"केको सांगेल."

तहसीननं काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण तिसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला, दारातच पाणी प्याला आणि परत गेला. नारिननं भावजयीला मिठी मारली आणि धागे आणायला जाते म्हणून बाहेर पडली. दोघं एका खोलीत राहिली. मध्ये मेंढी नव्हती.

"वाळलास," ती म्हणाली.

"तूही."

एवढ्यावर नारिन परत आली.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टरांना कुर्दी येत नव्हती, सोसिनला तुर्की येत नव्हती. फेरमेझ लष्करात शिकला होता. मध्ये तोच.

"विचारा, किती महिन्यांचं होतं?" डॉक्टर म्हणाले.

फेरमेझनं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे आपल्याला माहीत नाही. त्यानं तिच्याकडे वळून विचारलं, "किती महिन्यांचं होतं ते?"

सोसिन मांडीवरच्या रुमालाकडे बघत होती. "पहिलं तिसऱ्यात. दुसरं पाचवा लागला होता. हलायला लागलं होतं."

"हलायला लागलं होतं," फेरमेझनं तुर्कीत सांगितलं. डॉक्टर कागदावर लिहायचे थांबले.

"ताप येत होता का तेव्हा? घाम? सांधे?"

तिनं सांगितलं. घाम यायचा, ती उठून सदरा बदलायची, सासूला कळू नये म्हणून ओला सदरा अंथरुणाखाली ठेवायची. फेरमेझ एकेक वाक्य इकडून तिकडे नेत होता. तो तिच्या शेजारीच निजत होता आणि त्याला माहीत नव्हतं.

"आता तुम्हाला काय झालंय ते त्यांना सांगा," डॉक्टर म्हणाले.

"मी?"

"मग मी कुर्दीत सांगू?"

फेरमेझनं खिडकीकडे बघत सांगितलं. कुठं सुजलं, केवढं सुजलं, कुठल्या डॉक्टरनं कापायचं म्हटलं, उपरणं कसं बांधलं. सोसिनचे कान लाल झाले. मग तिनं मान वर केली. "आणि खेचर?"

"कुठलं खेचर?"

"तू पडलास ते. केकोनं सगळ्या तंबूंना सांगितलंय, फेरमेझ स्वप्नातल्या खेचरावरून पडला म्हणून."

तिला हसू आवरेना, तिनं रुमाल तोंडाला लावला. त्यालाही हसू फुटलं. डॉक्टर कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होते. "मला नाही सांगणार?" ते म्हणाले. त्यानं सांगितलं, मग तेही हसले.

तिचं रक्त तपासलं. तिलाही तोच ताप होता. पोटात काही नाही ना, तेही बघून घेतलं, मग गोळ्या लिहून दिल्या, तिला दोन प्रकारच्या. डॉक्टरांनी एकेक गोष्ट बोटांवर सांगितली, फेरमेझ तिला सांगत गेला. दूध उकळायचं. पनीर ताजं खायचं नाही, मिठात महिनोन् महिने मुरलेलंच खायचं. मेंढी सोडवताना हातमोजे. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. "आणि दोघांचं औषध संपून मी बघेपर्यंत," डॉक्टर म्हणाले, "वेगळं निजायचं."

फेरमेझ थांबला.

"काय म्हणाले?" सोसिननं विचारलं.

"म्हणाले, सावलीत बसायचं."

"ते मघाशी म्हणाले. आता काय म्हणाले?"

त्यानं सांगितलं. तिनं रुमाल डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

बाहेर पडल्यावर ती इस्पितळाच्या पायऱ्यांवर थांबली. "म्हणजे मीच तुला खाऊ घातलं," ती म्हणाली.

"माझे हात कोपरापर्यंत त्यातच होते. कुठून आलं कुणास ठाऊक."

"मी रोज बाजूला काढायची. मला वाटायचं, मी तेवढंच तर देऊ शकते."

रस्त्यात लोक होते, तरी त्यानं तिच्या हातातली औषधाची पिशवी घेतली, आणि घेताना तिचा हातही थोडा वेळ धरला.

सुया संपल्यावर ती दोघं दारबीला गेली. गाव रिकामं होतं, सगळे वर झोझानला. दारांना कुलपं, अक्रोडाखाली दोन म्हातारे आणि एक लंगडा कुत्रा. फेरमेझला उन्हात जायचं नव्हतं आणि सोसिनला त्याला सोडून जायचं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा घर दोघांचंच होतं. भिंतीला चहा विचारायची गरज उरली नव्हती, आणि तो दिवसातून उगाचच दहा वेळा तिचं नाव घ्यायचा. ती "काय?" म्हणायची, तो "काही नाही" म्हणायचा. रात्री मात्र ती आतल्या खोलीत निजायची, हा बाहेरच्या. मधल्या भिंतीपलीकडे ती कूस बदलायची ते त्याला ऐकू यायचं. गोळ्यांची पाकिटं खिडकीत होती. एकेक पाकीट रिकामं होत होतं, आणि ते इतकं हळू की फेरमेझला ती हातानं ढकलावीशी वाटायची.

औषध संपलं. सप्टेंबरात डॉक्टरांनी दोघांना तपासलं. सूज गेली होती, पण ती बाजू आक्रसून लहान झाली होती. त्याचं बीज तपासलं, तर होतं, पण थोडं. "एक बाजू पुरते," डॉक्टर म्हणाले. "वाट बघा."

वाट बघणं सोपं गेलं नाही. गाव खाली आल्यावर सरकारी पशुवैद्य आले, कळपाचं रक्त घेतलं आणि रोग निघालेल्या मेंढ्या खूण करून ट्रकमध्ये घालून नेल्या. बेस्ना वाड्याच्या दारात आडवी बसली. "आम्ही जन्मभर हेच पनीर खाल्लं," ती म्हणत होती. "आम्हाला काय झालं?" सोसिन तिच्या शेजारी जाऊन बसली तेव्हा म्हातारी आधी सरकली, मग तिनं सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. तहसीननं उरलेल्या मेंढ्या विकल्या आणि आईला, बायकोपोरांना घेऊन तो मेर्सिनला निघून गेला, समुद्रकाठी, संत्र्यांच्या बागांत कामाला. "चल," तो म्हणाला. फेरमेझ गेला नाही. थंडीत त्याला पुन्हा ताप आला, पुन्हा वान, पुन्हा सुया. या वेळी खाली सूज नव्हती आणि सोसिन प्रत्येक वेळी बरोबर होती.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडी तिला दिवस राहिले. पाचवा महिना लागला तेव्हा फेरमेझ श्वास रोखून होता. सहावा लागला. बर्फ वितळायच्या सुमारास वानच्या इस्पितळात मुलगी झाली. तिचं नाव बेर्फीन ठेवलं, बर्फातून वर येणाऱ्या फुलाचं.

आता स्वतःच्या मेंढ्या नाहीत. फेरमेझ पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांचा कळप चारतो. त्याला हातमोजे लागतात म्हणून ते हसतात, आणि त्यांच्या बायकांनी पुढे केलेलं ताजं पनीर तो घेत नाही म्हणून जरा रागावतात. पगारी मेंढक्याला तंबू मिळत नाही, बायको-पोर नेता येत नाही. त्यामुळे जूनमध्ये तो वर जातो आणि सोसिन खाली दारबीत राहते. दुपारी तो दुसऱ्यांच्या बायकांसाठी मेंढ्यांची डोकी धरतो आणि फार बोलत नाही.

सप्टेंबरात तो उतरतो. बेर्फीन अडीच वर्षांची आहे. दाढी वाढलेला, मेंढ्यांचा वास येणारा हा माणूस दारात उभा राहिला की ती आईच्या झग्यामागे लपते. तो तिला हाक मारत नाही. उंबऱ्यावरच बसतो, बूट काढतो, काठी बाजूला ठेवतो. डोंगरावर ज्या चेहऱ्यासाठी त्यानं दिवस ढकलले, तो चेहरा झग्याच्या घडीतून एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत असतो.

"बोलाव की तिला," तो सोसिनला हळूच म्हणतो.

"मी नाही बोलावणार," सोसिन म्हणते. "तिची ती येईल. बस जरा."

तो बसून राहतो.